वाचनालयात कोणती पुस्तकं असावीत, हे ठरवतं कोण?



मुलांना वाचनाची आवड कशी लावावी, या विषयावर आपण सगळेच भरपूर बोलतो. १५ ऑक्टोबरला शाळेत वाचन प्रेरणा दिन होतो. मुलं रांगेत बसतात, हातात पुस्तकं धरतात, आपण फोटो काढतो आणि केंद्राच्या ग्रुपवर टाकतो. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कपाटातून मूल पुस्तक उचलणार आहे, त्या कपाटात ते पुस्तक आलं कसं? कोणी निवडलं? त्याच्या जागी दुसरं का आलं नाही? यावर आपण जवळजवळ कधीच बोलत नाही. आज त्याविषयी थोडं सविस्तर लिहिते आहे.

आपण रत्नागिरीकरांनी तर यावर बोलायलाच हवं. आपल्या शहरातलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांमध्ये हे सर्वांत जुनं मानलं जातं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ चं. म्हणजे आपण सगळ्यांच्या आधी. पण क्षणभर विचार करा, १८२८ साली मराठी पुस्तकं होती तरी किती? मोल्सवर्थचा कोश आला १८३१ मध्ये. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला. (बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं.) म्हणजे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र निघण्याच्या आधीच आपल्याकडे वाचनालय उभं होतं! त्या काळी मराठी पुस्तकांत निवड करण्याचा प्रश्न फारसा येतच नसणार. छापलेलं जे हाती येईल ते जपून ठेवायचं.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. छापलेलं अमाप आहे, पैसा आणि जागा मात्र मोजकी. त्यामुळे ग्रंथपालाचं खरं काम पुस्तकं जमवणं हे राहिलेलं नाही. काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं आणि काय काढून टाकायचं हे ठरवणं, हेच आता मुख्य काम आहे. आणि ते काम त्याच्या एकट्यावर सोडून आपण नामानिराळे राहतो, हा माझा मुद्दा आहे.

आधी हे समजून घेऊ या की वाचनालय कोणाचं असतं. बऱ्याच पालकांना वाटतं की गावातलं वाचनालय सरकारी आहे. तसं नाही, बरं का. जिल्ह्याच्या ठिकाणी एक शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं, ते सरकारचं. बाकी आपल्या राज्यात जी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, ती जवळजवळ सगळी लोकांनी स्थापन केलेल्या संस्था आहेत. सभासद असतात, त्यांच्यातून कार्यकारी मंडळ निवडून येतं, ते मंडळ ग्रंथपाल नेमतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अशा संस्थांना मान्यता मिळते आणि वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. सर्वांत लहान 'ड' वर्गाला कितीतरी वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळायचे. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. वाढ झाली हे चांगलंच, पण हिशोब करून बघा. याच रकमेतून माणसाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं, मासिकं आणि मग उरलं तर पुस्तकं. एका चांगल्या चित्रमय बालपुस्तकाची किंमत आज सहज शंभर-दीडशेच्या पुढे असते. तेव्हा एकेक पुस्तक निवडताना विचार करावाच लागतो.

आता गंमत अशी की वर्ग ठरवताना जे निकष लावले जातात, त्यांत ग्रंथसंख्या हा एक महत्त्वाचा निकष आहे. किती पुस्तकं आहेत ते मोजलं जातं. ती किती वाचली जातात, हे त्या मानाने मागे पडतं. आपण शिक्षक आहोत, आपल्याला हे चांगलंच कळेल. पटावर मुलं किती, हे पाहणं सोपं. वर्गात शिकतात किती, हे पाहणं कठीण. जिथे संख्या मोजली जाते तिथे संख्या वाढते, हा साधा नियम आहे. चाळीस टक्के, पन्नास टक्के सवलतीत पुस्तकांचे गठ्ठे विकणारे लोक गावोगाव फिरत असतात. हजार रुपयांत तीन चांगली पुस्तकं घ्यायची की वीस कशीही? संख्या दाखवायची असेल तर मोह वीसचाच होणार. हे मी कोणा ग्रंथपालाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी तीन-चार तास वाचनालय उघडं ठेवणारी ही माणसं आहेत. दोष पद्धतीचा आहे.

गठ्ठ्यातल्या पुस्तकाचं नाव चांगलं असतं, ही आणखी एक मेख. 'श्यामची आई'चंच उदाहरण घेऊ. साने गुरुजी आपल्या जिल्ह्यातल्या पालगडचे. ११ जून १९५० ला ते गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापू शकतं. छापलंही. आता बाजारात 'श्यामची आई'च्या कितीतरी आवृत्त्या आहेत. काही सुंदर आहेत. काहींचा कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात, टाईप मुंगीएवढा, शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. चौथीतलं मूल असं पुस्तक हातात घेतं, दोन पानं वाचतं, डोळे चोळतं आणि ठेवून देतं. आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना 'श्यामची आई' आवडत नाही! पुस्तक निवडणं म्हणजे नुसतं शीर्षक निवडणं नव्हे, आवृत्ती निवडणंही आलं. अक्षराचा आकार, कागद, बांधणी, चित्रं. यादीतून किंवा फोनवरून मागवताना हे कळत नाही. पुस्तक हातात घेऊन उलटून पाहावं लागतं.

यादीचा विषय निघालाच आहे. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी जाहीर करतं. शिवाय कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ पासूनचं. त्याच्या योजनांतूनही पुस्तकं येतात. या मदतीशिवाय लहान वाचनालयं तगणार नाहीत. पण राज्यभरासाठी केलेल्या निवडीला मिरकरवाड्यातल्या मुलाला काय हवं आहे, हे कळणार कसं?

आमच्या वर्गातलं सांगते. मासेमारी करणाऱ्या घरांतली बरीच मुलं माझ्याकडे आहेत. परिसर अभ्यासात समुद्राचा विषय निघाला की त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. बांगडा कुठे मिळतो, सौंदाळा कसा ओळखायचा, कोणत्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, सगळं तोंडपाठ. एकाने विचारलं, "बाई, आपल्या माशांचं चित्रांचं पुस्तक असतं का?" आम्ही जवळच्या एका वाचनालयात जाऊन शोधलं. बालविभागात सिंह, हत्ती, जिराफ, पेंग्विनसुद्धा होते. बांगडा नव्हता. समुद्र तिथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर! ते मूल हिरमुसलं नाही, उलट हसलं आणि म्हणालं, "मग आपणच काढूया." चित्रं काढली आम्ही, ती वही वर्गात आहे. पण मला जे खटकायचं ते खटकलंच. गावातल्या वाचनालयात गावातल्या मुलाचं जग दिसत नसेल, तर ते मूल तिथे पाहुणाच राहणार.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव आपण डी.एड.ला कुठेतरी वाचलेलं असतं. १२ ऑगस्ट त्यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. ऐकायला सोपं आहे. पण याचा अर्थ असा की निवड करणाऱ्याला पुस्तकं माहीत असून भागत नाही, वाचक माहीत असावा लागतो. बांगड्याचं पुस्तक मागणारा मुलगा त्याला ठाऊक असावा लागतो. आणि तो ठाऊक कोणाला असतो? तुम्हाला आणि मला.

दर्जाचा वाद इथे नेहमी निघतो. वाचनालयाने लोकांना आवडतं ते द्यावं, की चांगलं ते द्यावं? आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांनी पिढ्यांना वाचायला लावलं. त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या! तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. माझं मत विचाराल तर रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, विनोद, चित्रकथा हे सगळं बालविभागात भरपूर असावं. वाचता येणं आणि वाचत राहणं यांत फरक आहे आणि दुसऱ्यासाठी मजा लागते. नुसती संस्कारकथांची पुस्तकं भरून ठेवली की पालक खूश होतात, मुलं येत नाहीत. काही पालकांना हे पटणार नाही, चालेल.

पुस्तक घेतलं की ते दाखल नोंदवहीत चढतं. त्याला दाखल क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, विषयाप्रमाणे वर्गांक पडतो. हे तांत्रिक काम ग्रंथपाल नीट करतात. माझ्या मते सगळ्यांत बोलकी असते ती पुस्तकात चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. वाचनालयात गेलात तर ती जरूर बघा. चिठ्ठी तारखांनी भरून दुसरी चिकटवली असेल तर ते पुस्तक जिवंत आहे. दहा वर्षांत एकही शिक्का नसेल तर? आता बऱ्याच ठिकाणी संगणक आलेत, तिथे ही माहिती काढणं आणखी सोपं. पुढची खरेदी ठरवताना हाच सर्वांत खरा पुरावा आहे.

आणि इथूनच तो नाजूक विषय सुरू होतो, पुस्तकं काढून टाकण्याचा.

आपल्या संस्कृतीत पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ते रद्दीत द्यायचं म्हटलं की मन कचरतं. त्यात संख्या कमी झाली तर वर्ग जाईल ही भीती. त्यामुळे कपाटं भरलेलीच राहतात, नवीन पुस्तकं त्यांच्यापुढे आडवी रचली जातात आणि मागचं काही दिसतच नाही. ग्रंथालयाच्या भाषेत पुस्तकं रीतसर बाद करण्याला निर्लेखन म्हणतात. मंडळासमोर यादी ठेवायची, ठराव करायचा, नोंदवहीत त्या क्रमांकापुढे शेरा मारायचा. पद्धत आहे, पण ती वापरायचं धाडस होत नाही.

शिक्षकांनी मात्र याचा आग्रह धरायला हवा, कारण जुनी चुकीची माहिती आपल्याच वर्गात येऊन थडकते. सामान्यज्ञानाचं एखादं पुस्तक २०१४ च्या आधीचं असेल तर त्यात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ असतात, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला. राज्यं २८ असतात, कारण तेलंगणा त्याच वर्षी जूनमध्ये झालं. आता गोंधळ असा की २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर राज्यं पुन्हा २८ झाली! म्हणजे जुनं पुस्तक चुकून बरोबर ठरतं. ग्रहांचं पुस्तक २००६ च्या आधीचं असेल तर त्यात नऊ ग्रह असतात. मूल वाचनालयातून वाचून येतं आणि ठामपणे सांगतं, बाई, पुस्तकात छापलंय. छापलेल्यावर मुलाचा विश्वास बसावा म्हणून तर आपण धडपडतो. मग छापलेलं बरोबर आहे याची काळजी कोणी घ्यायची?

पण जुनं ते सगळं फेकायचं, असंही नाही. १८८० मध्ये मुंबई सरकारने गॅझेटियर छापलं, त्याचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. त्यातली लोकसंख्या, रस्ते, बंदरं, काहीच आजचं नाही. तरी तो खंड एखाद्या वाचनालयात असेल तर तो सोन्यासारखा जपला पाहिजे. २०१० चं सामान्यज्ञान जाऊ दे आणि १८८० चं गॅझेटियर राहू दे, हे कळण्यालाच संग्रहाचं व्यवस्थापन म्हणतात. दिवाळी अंकांचंही तेच. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला म्हणतात, तेव्हापासून आपल्या वाचनालयांत दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्यांचेच असतात. वर्ष संपलं की ढीग होतो. सगळे बांधून ठेवायला जागा नाही. पण आपल्या जिल्ह्यातून निघालेले अंक, इथल्या शाळांच्या आणि संस्थांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकं हे दुसरं कोणी जपणार नाही. प्रकाशकाने नवीन पुस्तकाची प्रत द्यायची असा १९५४ चा कायदा आहे, पण त्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांसाठी आहेत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका तिथपर्यंत कशाला जाईल? ती जपायची तर गावातच.

कोकणात जपणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, हवा ओली. कपाट भिंतीला टेकून असेल तर मागच्या रांगेला बुरशी धरलीच म्हणून समजा. मग कसर, झुरळं आणि वाळवी. वाळवी तर अशी की बाहेरून पुस्तक शाबूत दिसतं, उघडलं की आत माती. त्यामुळे आपल्याकडे चांगल्या ग्रंथपालाची परीक्षा पावसाळ्यात होते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून उंच, कोरड्या दिवशी खिडक्या उघड्या, डांबराच्या गोळ्या, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी पुस्तकं काढून झाडणं. थेट उन्हात मात्र ठेवायची नाहीत, कागद पिवळा पडून तडकतो. हे काम एकट्याचं नाही. ऑक्टोबरातला एक शनिवार पाचवीच्या पुढच्या मुलांना घेऊन गेलात तर वाचनालयालाही हातभार लागेल. आणि पुस्तकं झाडता झाडता मुलं ती उघडून बघतातच, हा माझा अनुभव आहे.

एक विनंती, देणगीबद्दल. घर बदलताना, रंगकाम काढताना आपण माळ्यावरची पुस्तकं पोत्यात भरतो आणि वाचनालयाला 'दान' देतो. त्यात काय असतं? बारावीची गाईडं, जुने अभ्यासक्रम, मुखपृष्ठ गेलेल्या कादंबऱ्या, कंपन्यांचे अहवाल. समोरचा माणूस ओळखीचा असल्यामुळे ग्रंथपालाला नाही म्हणता येत नाही. मग ते पोतं कोपऱ्यात पडून वाळवीचं घर होतं. जे पुस्तक आपण स्वतःच्या मुलाच्या हातात दिलं नसतं, ते कृपा करून देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी विचारा, तुम्हाला काय हवं आहे? वाढदिवसाला एक नवं पुस्तक द्या, तेही विचारून.

आता आपण काय करू शकतो? पहिलं म्हणजे सभासद व्हा. वर्गणी फार नसते. सभासद नसलेल्या माणसाच्या तक्रारीला कोण विचारणार? बहुतेक वाचनालयांत सूचना किंवा मागणी लिहायची वही असते, नसेल तर ठेवायला सांगा. 'लहान मुलांसाठी चांगली पुस्तकं आणावीत' असं त्यात लिहून उपयोग नाही, त्याचं ग्रंथपाल काय करणार? पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि कोणत्या वयाच्या मुलासाठी, असं नेमकं लिहा. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्या सूच्या चाळल्यात तर एका संध्याकाळी वीस नावं निघतील. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, ते बालविभागात येतं का बघा. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, ते मुलांना दाखवून कोणते लेखक आवडतात ते आधी समजून घेता येईल. मुलांकडूनही मागणी लिहून घ्या, त्यांच्याच अक्षरात. आमच्या वर्गाने मागच्या सत्रात अशी सतरा नावं लिहून दिली. त्यांतली सहा पुस्तकं आली. ती आल्याचं कळल्यावर पुस्तकं वाचायला गेलेली मुलं किती होती ते मोजलं नाही, पण शनिवारी वाचनालयाबाहेर चपलांचा ढीग होता.

आणि वर्षातून एकदा संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. तिची नोटीस वाचनालयाच्याच फलकावर लागते. सभेला पंधरा-वीस माणसं असतात, बहुतेक निवृत्त. तिशी-चाळिशीतले पालक नसतातच. त्या सभेत जमाखर्च मांडतात, त्यात पुस्तक खरेदीची एक ओळ असते. त्यातली बालपुस्तकांवर किती, हा प्रश्न विचारा. उत्तर तिथल्या तिथे मिळालं नाही तर पुढच्या वर्षीपासून ती ओळ वेगळी दाखवावी, अशी सूचना इतिवृत्तात नोंदवून घ्या.